खाऱ्या भुईची गोडी

भाईंदर स्थानक मागे पडले की लोकलगाडीचा आवाज बदलतो. खाली वसईची खाडी येते, मध्ये पाणजू बेट लागते, पुन्हा खाडी, आणि मग नायगाव. जिथे इमारती अद्याप पोहोचलेल्या नाहीत तिथे रुळांच्या आसपास मिठागरांचे चौकोन दिसतात. डिसेंबरात ते नुकतेच पाण्याने भरलेले असतात. सकाळच्या वेळी त्यांत आकाश उतरल्यासारखे वाटते, आणि दाराजवळ उभा असलेला रोजचा प्रवासीही क्षणभर मोबाईलवरून नजर उचलतो.

वसई-विरारची भूमी मुळातच दोन चवींची आहे. खाडीच्या काठाने खाजण पसरलेले, तिथे पाणी खारे आणि पीक मिठाचे. पश्चिमेला समुद्राला समांतर असा वाड्यांचा पट्टा. तिथे केळी, नारळ, सुपारी, पानवेल, फुले आणि भाजी. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या वाड्यांच्या विहिरींना गोडे पाणी लागते, याचे श्रेय पावसाला आणि बावखलांना. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरते, जमिनीत मुरते, आणि त्या गोड्या पाण्याच्या भाराने समुद्राचे खारे पाणी आत शिरायचे थांबते. ही तोलाची गोष्ट आहे. उपसा वाढला, बावखले बुजवली गेली, की खारे पाणी मुकाट्याने पुढे सरकते. टँकर भरभरून या पट्ट्यातले पाणी बाहेर जाऊ लागले तेव्हा अनेक विहिरी मचूळ झाल्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. जमाखर्च जाणणाऱ्या वाचकाला याहून अधिक सांगावयास नको. जमेपेक्षा उचल अधिक झाली की खाते कोणत्या बाजूला झुकते, ते विहिरीचे पाणी चाखून कळते.

याच भूमीत, नाताळच्या सुट्टीत, एका नव्या मिठाईचा प्रश्न जैन घरांसमोर गेली काही वर्षे येऊ लागला आहे. मुलांच्या शाळांना सुट्टी असते. मुंबई, भिवंडी, सुरत येथील नातलग विरार-नालासोपाऱ्यात येतात. आगाशीला श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास जातात. मुंबईच्या शेठ मोतीशांच्या नावाशी जोडले गेलेले हे देरासर अनेक व्यापारी कुटुंबांच्या वार्षिक फेरीत असतेच. दर्शनानंतर कोणाच्या तरी घरी पंधरा-वीस माणसे जमतात आणि तरुण पिढी मागणी करते ती गोड-खारट चॉकलेटची, ज्यावर मिठाचे पापुद्रे चमकत असतात. भेटपेट्यांतून ते आता सर्वत्र पोहोचले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रथम वाटते की चॉकलेटवर मीठ ही पाश्चात्त्यांची लहर. परंतु पुरणपोळीच्या कणकेत, मोदकाच्या उकडीत चिमूटभर मीठ घालणाऱ्या स्वयंपाकघराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मीठ कडवटपणा दाबते. कडू दबले की गोड आपोआप वर येते. कोकोचा मूळ स्वभाव कडू, म्हणून तिथे मिठाचे काम अधिक ठळक दिसते.

अडचण चवीची नाही, आचाराची आहे. बाजारातल्या अशा मिठाईत अंडे असू शकते, जिलेटिन असू शकते. हिरवा ठिपका पाहून या दोन शंका फिटतात. पण हिरव्या ठिपक्याला जे कळत नाही ते पुढेच आहे. तिच्या कॅरॅमलमध्ये हटकून लोणी असते, कधी मधही असतो. मद्य, मांस, मध आणि माखण या चार महाविगयी वर्ज्य मानणाऱ्या घरात ती पेटी उघडलीच जात नाही. आणि त्यावर भुरभुरलेले मीठ? शिजवलेल्या पदार्थात मीठ अग्नीतून जाते. इथे ते वरून, कच्चे पडते. मीठ हे पृथ्वीकाय. सचित्ताचा त्याग केलेल्या श्रावक-श्राविकेला ते तसे चालत नाही. म्हणजे ज्या आजीने सर्वांना जमवले, तिच्याच ताटात ती मिठाई नसते. लहान मुले हे पाहतात. आजीने एका बाजूला बसून खारीक चघळावी आणि बाकीच्यांनी पेटी फस्त करावी, हे सुट्टीच्या दिवशी कोणालाच बरे वाटत नाही.

यावरचा उपाय या तालुक्यातच सापडतो, आणि तो शोधत निघाले की वसईचा अर्धा इतिहास वाटेत भेटतो.

नालासोपारा या गजबजलेल्या उपनगराच्या नावात प्राचीन शूर्पारक, सोपारक दडलेले आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे येथे मिळाले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकलला. ग्रीक दर्यावर्दी या बंदराला सुप्पारा म्हणत. जैन वाचकाला सोपारक ओळखीचे आहे ते वेगळ्या कारणाने. बारा वर्षांच्या दुष्काळाची कथा पट्टावलींतून आली आहे. आचार्य वज्रसेनसूरी फिरत सोपारकास आले तेव्हा जिनदत्त श्रावकाच्या घरी लक्ष मोलाचा भात शिजत होता आणि त्याची पत्नी ईश्वरी त्यात विष कालवण्याच्या तयारीत होती. धन होते, धान्य नव्हते. उपासाने तिळतिळ मरण्यापेक्षा एकदाच सारे संपवावे असा विचार. आचार्यांना गुरूंचे वचन आठवले: लक्ष मोलाचे अन्न दिसेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. त्यांनी थांबवले. दुसऱ्या दिवशी धान्याची जहाजे बंदराला लागली. त्या घराचे चार पुत्र, नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर, पुढे दीक्षित झाले आणि त्यांच्या नावांनी चार कुळे चालली.

ही कथा व्याख्यानात ऐकताना बहुतेकांचे लक्ष चार कुळांकडे असते. व्यापाऱ्याने मात्र तिच्यातली जहाजे पाहावीत. लक्ष मुद्रा असलेल्या घरातही माल आला नाही तर मरण, आणि माल आला तर जीवन. सोपारकाचे बंदर पुढे गाळाने भरले, खाडी मागे हटली, आणि आज तिथे जहाजाच्या जागी रिक्षांची रांग आहे.

पोर्तुगीज आले १५३४ मध्ये आणि गेले १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर. या दोनशे पाच वर्षांत अमेरिका खंडातली कितीतरी झाडे त्यांच्यामार्फत पश्चिम किनाऱ्यावर रुजली: काजू, अननस, पेरू, पपई, मिरची. कोकोही त्याच खंडातला, परंतु तो वसईच्या वाड्यांत रुजला नाही. भारतात कोकोची लागवड नेटाने सुरू झाली ती स्वातंत्र्यानंतर, केरळ-कर्नाटकाच्या नारळी-पोफळीच्या सावलीत. सुपारीबागायतदारांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेने पुत्तूर येथे १९८६ साली चॉकलेटचा कारखाना काढला. तेव्हा या मिठाईतले चॉकलेट बाहेरचे, हे मान्य करून पुढे जावे. साखरेच्या बाबतीत वसईचा दावा थोडा बरा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी किल्ल्याच्या आवारात साखरेचा कारखाना चालवून पाहिला. तो टिकला नाही. जे टिकले ते साखरेवाचून गोड असलेले फळ.

त्यासाठी विरारहून पश्चिमेला आगाशी, आणि तिथून निर्मळ. कार्तिक वद्य एकादशीपासून निर्मळला यात्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधिस्थानाचे हे क्षेत्र, पायथ्याशी विस्तीर्ण तळे, आणि तळ्याच्या कडेने दुकाने. या यात्रेतली जुनी प्रसिद्ध वस्तू म्हणजे सुकेळी. जुन्या सरकारी गॅझेटियरातही आगाशीच्या सुकेळ्यांची वाखाणणी आहे. हे सुकेळे साध्या केळ्याचे होत नाही. त्याला राजेळी केळे लागते, लांब, कोनदार, जाड सालीचे. घड पूर्ण पिकवून, साल काढून, केळी बांबूच्या ताट्यांवर उन्हात ठेवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. आठवडाभर हाच क्रम. केळ्याचा रंग पिवळ्याचा सोनेरी आणि सोनेऱ्याचा तांबूस होतो, अंगची साखर बाहेर येऊन त्याला चकाकी येते, आणि मग ती केळीच्याच वाळल्या पानात बांधली जातात. साखर नाही, पाक नाही, चूल नाही. मध्येच ढग आले तर केलेली मेहनत वाया जाते.

ग्राहक जैन असेल तर त्याचा प्रश्न ठरलेला.

“काकी, ओली तर नाहीत ना?”

“दाबून बघा. पाणी सुटलं तर घेऊ नका.”

प्रश्न चोखंदळपणाचा नाही. ओलसर सुकेळ्यावर फूग धरते आणि फूग ही अनंतकाय. म्हणून पान सोडून, प्रत्येक केळे उजेडात फिरवून घ्यावे. चांगले सुकेळे बोटाला चिकटते, पण ओले करीत नाही. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचे विहार सुरू होतात, सुक्या मेव्याची बंधने सैल होतात, आणि नेमक्या त्यानंतरच्या पंधरवड्यात ही यात्रा येते. पंचांगाने इतका सोयीचा बाजार क्वचितच जुळवला असेल.

मात्र राजेळीच्या बागा आता मोजक्या उरल्या आहेत. हे केळे जागा अधिक अडवते, वेळ अधिक घेते; वाडीच्या गुंठ्याला बांधकामाचा भाव आला तेव्हा ते त्या भावाशी बोली लावू शकले नाही. शिवाय आठवडाभर उन्हाची राखण करणारे हात घराघरांतून नोकरीकडे वळले. त्यामुळे सुकेळी महाग वाटतात. एका किलो सुकेळ्यांमागे त्याच्या कितीतरी पट ताजी केळी जातात हे लक्षात घेतले तर भावात घासाघीस करण्याची इच्छा राहू नये. किराणा मालाची पेढी चालवणाऱ्यांनी तर बदाम-अंजिराच्या ओळीत एक बरणी सुकेळ्यांची ठेवून पाहावी. मागणी आगाऊ कळली तर बागायतदार राजेळीची लागवड राखतो. यात्रेत उरले तर काय करायचे, ही त्याची खरी भीती असते.

मिठाच्या बाबतीत कथा उलटी आहे. गाडीतून दिसणारे पांढरे ढीग पाहून वाटते की एक मूठ तिथूनच घ्यावी. ते करू नये. या आगरांतले जाडे मीठ मुख्यत्वे बर्फ, कातडी, रसायने अशा कामांना घाऊक जाते. खाण्याच्या मिठात आयोडीन असणे कायद्याने बंधनकारक आहे. घरातल्या डब्यातले मीठ बहुधा गुजरातच्या किनाऱ्याचे असते. तरीही आगराचे काम पाहण्याजोगे. समुद्राच्या शंभर लिटर पाण्यात सारे क्षार मिळून साडेतीन किलोच्या आसपास. उधाणाच्या भरतीला पाणी आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसरीत फिरवत ऊन-वाऱ्यावर आटवायचे, पायांनी तुडवून घट्ट केलेल्या तळाच्या वाफ्यात शेवटी स्फटिक धरू द्यायचे, आणि लाकडी फावड्याने ओढून ढीग करायचे. वेळीच ओढले नाही तर उरलेल्या पाण्यातले कडवट क्षारही मिठावर बसतात. एकाच तालुक्यात, एकाच उन्हाच्या जोरावर, पश्चिमेला केळ्यातले पाणी आटवून गोड आणि खाडीकाठी समुद्राचे पाणी आटवून खारट अशी दोन पिके निघत आली आहेत.

आता आजीच्या मिठाचा प्रश्न. आयंबिलशाळांतून वापरले जाणारे अग्निसंस्कारित मीठ, ज्याला गुजरातीत बलवण म्हणतात, ते मिळाले तर उत्तम. घरी करायचे तर पाच-सहा चमचे मिठाचे पाणी करावे, दुहेरी कापडातून गाळावे, पसरट स्टीलच्या पातेल्यात खळखळून उकळावे, आणि आळत आले की आच अगदी मंद करावी. अचित्ततेची नेमकी मर्यादा आपापल्या गुरुमहाराजांना विचारून घ्यावी. घराघरांत परंपरा थोड्या वेगळ्या आहेत. परंतु मंद आचेवर, न ढवळता आटवलेल्या पाण्याच्या पृष्ठभागावर जे होते ते पाहण्यासाठी मुलांना जवळ बोलवावे. आधी एक साय धरल्यासारखी दिसते, मग तिचे पापुद्रे होतात, पातळ, ठिसूळ, काही तर पोकळ मनोऱ्यासारखे. इंग्लंडातल्या मॉल्डन गावचे जगप्रसिद्ध मीठ पसरट भांड्यात खारे पाणी तापवूनच पापुद्र्याचे होते. भेटपेटीवर ज्या मिठाचा मान, ते आजीच्या नियमाने केलेल्या मिठाचे सख्खे भावंड निघते. सुनेने कौतुकाने बाजारातून आणावे ते सासूबाईंच्या व्रतातच होते, ही गंमत त्या घरात बराच काळ पुरते.

तळाच्या थरासाठी परदेशी बिस्किटांची गरज नाही. जैन घरात खाखरे असतातच. साधे गव्हाचेच घ्यावे. मूग-मठाचे खाखरे डाळवर्गात जातात आणि कच्च्या दुधा-दह्याशी गाठ पडली की विदळाचा प्रश्न उभा राहतो. या कृतीत दूध नाही, तरी ताटात शेजारी काय वाढले जाईल हे कोणी सांगावे. आठ खाखरे हाताने चुरावेत, पीठ करू नये. पाच चमचे साजूक तुपात साठ ग्रॅम चिरलेला गूळ मंद आचेवर विरघळवावा, फेस येताच उतरवून त्यात चुरा घोळवावा आणि तूप लावलेल्या ताटात वाटीच्या तळाने दाबून बसवावा. अडीचशे ग्रॅम सुकेळ्यांचे बारीक तुकडे दोन चमचे तुपावर परतावेत. काही मिनिटांत ते मऊ होऊन एकजीव होतात. तो दुसरा थर. दुधात वाटलेल्या सुकेळ्यांचा थर अधिक मुलायम होतो, हे खरे, पण त्या ओलाव्याने मिठाई दुसऱ्या दिवशी वासी ठरते. त्यापेक्षा तूप बरे. अगदी काटेकोर घरांनी तुपातलीही त्याच दिवशी संपवावी.

चारशे ग्रॅम गडद चॉकलेट, निम्म्याच्या आसपास कोको असलेले, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या वाडग्यात वितळवावे. पाणी वाडग्याच्या तळाला लागू देऊ नये आणि वाफेचा थेंबही आत पडू देऊ नये. एका थेंबाने सारे चॉकलेट रवाळ होऊन आक्रसते आणि मग ते सावरत नाही. त्यात एक चमचा तूप आणि मूठभर भाजलेल्या बदामाचे काप घालून थरावर ओतावे.

मीठ टाकण्याची वेळ हा या कृतीतला एकमेव कसोटीचा क्षण. चॉकलेट पातळ असताना टाकले तर पापुद्रे बुडतात आणि दिसेनासे होतात. पूर्ण घट्ट झाल्यावर टाकले तर चिकटत नाहीत, ताटात घरंगळतात. पृष्ठभागाची चकाकी मंदावू लागली, बोट टेकले तर ठसा उठतो पण चॉकलेट बोटाला लागत नाही, तेव्हा टाकावे. प्रमाण साऱ्या ताटाला अर्धा लहान चमचा. याहून जास्त घेण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि तिथेच मिठाईची विहीर मचूळ होते. गार झाल्यावर गरम सुरीने तीस-पस्तीस वड्या पडतात.

नाताळच्या दिवसांत सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. चोविहार असणाऱ्यांच्या दृष्टीने ही मिठाई रात्रीच्या जेवणानंतरची नव्हेच. देरासरातून परतल्यावर दुपारच्या जेवणात, किंवा चारच्या सुमारास अंगणात ऊन कलत असताना वाढावी. हिवाळ्यात तिला शीतकपाटही लागत नाही.

आगाशी-निर्मळ-नंदाखाल परिसरात जैन पेढीच्या शेजारी बहुधा कुपारी ख्रिस्ती कुटुंब असते. दिवाळीला इकडून तिकडे फराळ जातो, नाताळला तिकडून इकडे ताट येते. शेजारणीला पक्के ठाऊक असते की केकमध्ये अंडे आहे. म्हणून जैन घरच्या ताटात ती केक ठेवत नाही, वाडीची वेलची केळी, एखादे शहाळे आणि उरली असतील तर सुकेळी ठेवते. कोणी सांगितलेले नसते, कोणी विचारलेले नसते. आपल्याकडे शेजारचे ताट रिकामे परत करीत नाहीत. पूर्वी त्यात साखर किंवा सुका मेवा घालून पाठवीत. आता या वड्या जातात. शेजारच्या घरातली म्हातारी वडी तोडते, तळाशी खाखरा आहे हे तिला कळत नाही, पण मधला थर तिला पहिल्या घासाला ओळखू येतो आणि ती नातवाला सांगते, हे तर आपल्या राजेळीचे.